मदत हवी आहे: बाहेरची फौज गेली आणि यादवी थांबली, असं उदाहरण सांगा (शनिवारच्या आत)

कॉलेजरोडची_चिमणी: शनिवारी स्पर्धा आहे. बाहेरच्या देशांनी सैन्य पाठवलं आणि यादवी खरंच थांबली, असं एक ठोस उदाहरण हवंय. बोस्निया सोडून, तो सगळेच घेतात. पटकन सांगा प्लीज. लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

पंचवटीकर: कसली स्पर्धा? वक्तृत्व, वादविवाद की निबंध? किती मिनिटं? वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्याने बोलायला उभं राहावं का, हा वेगळा धागा काढू.

कॉलेजरोडची_चिमणी: वादविवाद. पाच मिनिटं. मत नको, उदाहरण द्या.

गोदाकाठचा_शास्त्री: शब्द निघालाच आहे तर मूळ सांगतो. प्रभासक्षेत्री यादव आपसात लढून संपले, त्यावरून यादवी. साक्षात श्रीकृष्ण घरात असून थांबली नाही. त्याआधी हस्तिनापुरातली शिष्टाईही फसलेली. सुरुवात इथून करा, टाळ्या मिळतील.

पंचवटीकर: शास्त्रीबुवा, तिला थांबलेलं युद्ध हवंय.

माजी_सुभेदार_देवळाली: बेटा, मी स्वतः श्रीलंकेत जाफन्याला होतो, म्हणून सांगतो. २९ जुलै १९८७ ला करार झाला. सह्या राजीव गांधी आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या. ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांची, सही कुठेच नाही. ऑक्टोबर उजाडला तोवर, ज्या तमिळांच्या रक्षणाला गेलो त्यांच्याच पोरांशी आम्ही लढत होतो. सुमारे १२०० जवान गमावून मार्च १९९० मध्ये परत आलो. तिकडचं युद्ध पुढे २००९ पर्यंत चाललं. परक्याच्या घरात शिरताना दोन्ही भावांनी दार उघडलंय का, ते आधी बघावं.

तर्कट: काका, मान तुमचा, पण हे न थांबलेल्याचं उदाहरण झालं. चिमणी, पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन लिहून घे. १९९१ ला पेटलं, जानेवारी २००२ मध्ये संपल्याचं जाहीर झालं. मे २००० मध्ये बंडखोरांनी युनोचे सुमारे ५०० सैनिक ओलीस धरले, सगळीकडे छी-थू झाली. मग ब्रिटिशांनी राजधानी फ्रीटाउनला आपली फौज उतरवली आणि युनोने आपली वाढवत १७,५०० वर नेली. ७० हजारांहून जास्त लढणाऱ्यांनी शस्त्रं खाली ठेवली आणि मे २००२ मध्ये निवडणूक झाली. विषय संपला.

माजी_सुभेदार_देवळाली: युनोच्या फौजेत आपलेही होते हे का गाळलंत? कैलाहुनला आपले गोरखा जवान अडीच महिने वेढ्यात होते. जुलै २००० मध्ये ऑपरेशन खुक्री करून त्यांना बाहेर काढलं. तेव्हा मोहिमेचे सेनापतीही आपलेच, मेजर जनरल जेटली.

पंचवटीकर: फौजेने थांबलं हे अर्धसत्य. ते युद्ध हिऱ्यांवर चाललं होतं. शेजारच्या लायबेरियाचा चार्ल्स टेलर हिरे घ्यायचा आणि शस्त्रं द्यायचा. जुलै २००० मध्ये सुरक्षा परिषदेने तिथल्या कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली, २००१ मध्ये लायबेरियावरही निर्बंध आणले. पैसा आटला तेव्हा लढाई आटली.

तर्कट: बंदीने कधी काही अडलंय? कांद्याची निर्यात बंद केली की चोरून जातोच ना बाहेर?

निफाडचा_शेतकरी: कांद्याचं नाव काढू नका. बंदी आली की व्यापारी आडवाटा शोधतो, आमचा माल चाळीत सडतो. युनोने एकदा लासलगावात शांतिसेना पाठवावी.

सुरेल: ताई, स्पर्धेच्या आदल्या रात्री दही आणि थंड पाणी टाळा. ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात धरा, आवाज फाटत नाही. मला तीन वर्षं उपयोग झालाय.

कॉलेजरोडची_चिमणी: अहो, मी विरोधात बोलतेय! समोरचे जे उदाहरण आणतील ते मला आधीच खोडून ठेवायचंय. तर्कटदादाने तर त्यांचंच भाषण लिहून दिलं.

तर्कट: मग हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं?

कॉलेजरोडची_चिमणी: उघड होतं ना.

पंचवटीकर: नव्हतं. असो. सिएरा लिओन सोडू नकोस, फक्त आधीचं पान उलट. जुलै १९९९ मध्ये तिथलं सरकार आणि बंडखोर यांच्यात लोमे करार झाला. बाहेरच्यांच्या मध्यस्थीने बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांको याला माफी मिळाली आणि वर खनिज आयोगाचं अध्यक्षपद. म्हणजे हिऱ्यांच्या तिजोरीची किल्ली चोराच्याच कमरेला. दहा महिन्यांत त्याच्याच माणसांनी युनोचे सैनिक धरले. समोरच्याने २००२ म्हटलं की तू १९९९ म्हण.

माजी_सुभेदार_देवळाली: आणि श्रीलंका विसरू नकोस.

पंचवटीकर: एक मात्र सांभाळ. रवांडा काढू नकोस. एप्रिल १९९४ मध्ये दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर सुरक्षा परिषदेने तिथली युनोची सुमारे २५०० ची फौज २७० वर आणायचं ठरवलं, आणि शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. समोरचा लगेच म्हणेल, बघा, फौज काढली म्हणून झालं. सगळा मुद्दा तुझ्यावरच उलटेल.

कॉलेजरोडची_चिमणी: रवांडावर माझं अख्खं शेवटचं मिनिट होतं. पाठ पण झालंय. आता तिथे काय घालू?

माजी_सुभेदार_देवळाली: सांगितलं ना, श्रीलंका.

गोदाकाठचा_शास्त्री: प्रभासक्षेत्र विरोधाच्याच बाजूचं आहे. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.