जोन इव्हान्स आणि बेडकाच्या डोक्यातला खडा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एका जुन्या अंगठीपाशी मी अडकले. भिजवलेल्या वालासारखा तपकिरी, गुळगुळीत खडा. ना पैलू, ना झळाळी. पाटीवर ‘टोडस्टोन’. मी सोनाराची मुलगी. असल्या खड्याला सोन्याचं कोंदण कोणी का करावं?

प्रतिसाद १: तो खडा बेडकाच्या डोक्यात सापडतो आणि विष जवळ आलं की तापतो, अशी मध्ययुगीन युरोपची समजूत होती. प्रत्यक्षात ते लेपिडोटिस या नामशेष माशाचे जीवाश्म दात! जोन इव्हान्स (१८९३–१९७७) यांचं ‘मॅजिकल ज्युएल्स’ (१९२२) जरूर वाचा. रत्नांचे गुण सांगणाऱ्या जुन्या पोथ्या वाचून त्यांनी दाखवलं की तेव्हाचा दागिना शोभेइतकाच संरक्षणासाठीही असायचा.

धागाकर्ती: अगदी पटलं! त्या अंगठीचं कोंदण खालून उघडं होतं, खडा थेट बोटाला टेकावा म्हणून. बाबा नीलमाची अंगठी अशीच घडवायचे. ‘कातडीला लागला पाहिजे,’ म्हणायचे. या बाई कोण?

प्रतिसाद २: क्रीट बेटावरचं क्नोसॉस हे प्राचीन राजवाड्याचं ठिकाण खणणाऱ्या आर्थर इव्हान्स यांची सावत्र बहीण, त्यांच्याहून बेचाळीस वर्षांनी लहान. १९५९मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातन वस्तूंच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. फ्रान्समधल्या क्लूनी या ख्रिस्ती संन्यासी-पंथाच्या मठांवरचं त्यांचं कामही तितकंच मोलाचं. आणि स्वतःचा दागिन्यांचा संग्रह त्यांनी याच म्युझियमला दिला. पुन्हा गेलात तर पाट्यांवर त्यांचं नाव शोधा.