दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेलेलं सॉफ्टवेअर: वापरणाऱ्यांना मदत कोणी करायची? (मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या-वापरणाऱ्या तिघांची चर्चा, टोपणनावांनी)

रेघोट्या
इंकस्केप म्हणजे रेषांची चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर. मे २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, तोवर मॅकवर ते एक्सक्वार्ट्झच्या, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टीमचे प्रोग्रॅम मॅकवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आधाराने चालायचं. कमांड-सी नाही, कंट्रोल-सी दाबावं लागे. त्यातून एखादी आकृती कॉपी करून पेस्ट केली, की रेषांच्या जागी ठिपक्यांचं चित्र यायचं. मोठं केलं की कडा दातेरी. उपाय एवढाच होता: एक्सक्वार्ट्झच्या प्रेफरन्सेसमध्ये पेस्टबोर्डच्या (कॉपी-पेस्टच्या) टॅबवरची एक खूण काढायची. लग्नपत्रिका करणाऱ्या एका ताईंनी मला हेच विचारलं होतं. मी "लिनक्स वापरा" म्हणून मोकळा झालो. ते मला अजून खटकतं. डाउनलोडच्या पानावर मॅकचं बटण आपण लावतो, तर मॅकवाल्याला उत्तर देणंही आपलंच काम आहे.

रात्रपाळी
मला हे पटत नाही. माझ्याकडे मॅक नाही. मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर चालवायची, अशी परवान्याची अट आहे. मग बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, मी बघायची कुठे? ॲपवर डिजिटल सही करून द्यायचं तर ॲपलला वर्षाला ९९ डॉलर भरा. सही नसेल तर उघडतानाच इशारा येतो आणि लोक आम्हाला विचारतात, व्हायरस आहे का? नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर कोड लिहिणाऱ्यावर हा बोजा टाकू नका. आपण ज्याखाली सॉफ्टवेअर वाटतो त्या जीपीएल परवान्यात हमी नाही, हे स्वच्छ लिहिलेलं आहे.

रेघोट्या
हमी कोण मागतंय? "माझ्याकडे मॅक नाही, पण अमुक ठिकाणी विचारा" एवढं सांगायला मॅक लागत नाही. त्या ताईंचं अख्खं दुपारचं काम वाया गेलं होतं हो.

उंबरठा
रात्रपाळी, परवान्यातली हमी कोर्टासाठी असते, माणसांशी कसं बोलायचं ते त्यात नसतं. पण रेघोट्या, "आपण" म्हणजे नक्की कोण? गिंप हे फोटो सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर नेलं ते टोर लिल्क्विस्ट यांनी. असं पोर्टिंगचं, म्हणजे दुसऱ्या सिस्टीमवर नेण्याचं, काम बहुतेक ठिकाणी एकदोघांच्याच खांद्यावर असतं, आणि प्रश्न विचारणारे हजारो. सगळ्यांना उत्तर द्यायला बसला, तर तो माणूस वर्षभरात काम सोडेल आणि पोर्टच बंद पडेल. मी विंडोजवर गिंप वापरते. कोणी अडलं की आधी आवृत्ती विचारते, एररचा स्क्रीनशॉट मागते, स्वतःच्या यंत्रावर करून बघते. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. हे काम वापरणाऱ्यांनीच उचलायला हवं.

रात्रपाळी
हे मान्य. उत्तर देणं माझं कर्तव्य आहे, हे मात्र अजूनही मान्य नाही. रेघोट्या, त्या ताईंचा नंबर असेल तर विचारा, पुढची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, तपासतील का. काय दाबलं आणि काय झालं, एवढं मराठीत लिहून दिलं तरी चालेल. बगची नोंद इंग्रजीत मी करतो.