पार्मिजानोच्या तुकड्यात पांढरे कण दिसतायत, फेकावं का?

कोथिंबीरवडी:
दीर परवा मिलानहून आला, येताना पार्मिजानो रेज्जानो चीजचा किलोभराचा तुकडा घेऊन आला. पाकिटावर २४ महिने लिहिलंय, सालीवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आहेत. कापलं तर आत पांढरे कण, दाताखाली कचकच लागतात. बुरशी आहे का ही? साल मेणाची असते का? आणि हे शाकाहारी आहे ना? आई आमच्याकडेच असते, तिला अंडंसुद्धा चालत नाही.

रेज्जोकर:
फेकू नका हो! चीज मुरताना प्रथिनं तुटतात, त्यातून सुट्या झालेल्या टायरोसिनचे (एक अमिनो आम्ल) ते खडे. चांगलं मुरल्याची खूण. सालही मेणाची नाही, वाळून कडक झालेलं चीजच आहे. खरवडून, धुऊन सूपमध्ये उकळा. मी एकदा वरणात टाकली होती, बायकोने पुन्हा टाकू दिली नाही.

इटलीत रेज्जो एमिलियाला कामानिमित्त दोन वर्षं होतो. घरमालकाचा भाऊ गावाबाहेरच्या चीज कारखान्यात कामाला, त्याच्याबरोबर एकदा सकाळी गेलो. कारखाना म्हणजे पाच-सहा माणसं. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवून वर आलेली साय काढतात आणि त्यात सकाळचं सायीसकट दूध मिसळतात. कढया तांब्याच्या, उलट्या टांगलेल्या घंटेसारख्या. विरजण म्हणजे आदल्या दिवशीच्या चीजची राखून ठेवलेली निवळी, म्हणजे आपल्या घरातली कालच्या दह्याची कवडीच की! मग रेनेट घातलं की थोड्याच वेळात दूध थिजतं. ते तारांच्या पिंजऱ्यासारख्या भल्यामोठ्या रवीने फोडायचं, तांदळाच्या कणीएवढं बारीक होईपर्यंत, आणि ५५ अंशांपर्यंत तापवायचं. हा गडी मधूनच मूठभर कणी उचलायचा, दाबायचा, बोटांनी मोकळी करून बघायचा. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

तासाभरात कणी तळाशी बसून गोळा होतो. लाकडी फावड्याने तो वर उचकटून दोघांनी कापडात धरला आणि सुरीने मधोमध कापला. या दोन भागांना तिथे 'जुळी' म्हणतात. प्रत्येक भागाचं चाकासारखं गोल चीज होतं. अशा एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि वजन भरतं ४० किलोच्या आसपास. मग सुमारे वीस दिवस मिठाच्या पाण्यात आणि नंतर फळ्यांवर.

बारा महिने झाले की परीक्षक छोटी हातोडी घेऊन येतो. माठ घेताना आपण टिचक्या मारतो तसं चाक चहूबाजूंनी वाजवून आत पोकळी, भेग आहे का ते ऐकतो. नापास झालं तर ती ठिपक्यांची अक्षरं खरवडून टाकतात. तुमच्या तुकड्यावर आहेत, म्हणजे पास.

आता आईंचं. रेनेट वासराच्या जठरातून काढतात आणि पार्मिजानोच्या नियमात तेच वापरायचं बंधन आहे. त्यामुळे अस्सल असेल तर शाकाहारी नाहीच. वाईट वाटतं सांगताना, पण त्यांना स्पष्ट सांगा.

सुगरणीचा_नवरा:
मग ग्राना पादानो चीज चालेल का? स्वस्तही आहे.

रेज्जोकर:
नाही. तिथेही वासराचंच रेनेट. शिवाय त्या गाईंना मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) चालतो, आणि मुरघासातून येणाऱ्या जिवाणूंनी चीज फुगू नये म्हणून बहुतेक वेळा लायसोझाइम घालतात, ते अंड्याच्या पांढऱ्या भागातलं. पार्मिजानोत मुरघासही नाही आणि लायसोझाइमही नाही. आईंसाठी मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून केलेल्या) रेनेटचं कुठलंही कडक चीज बघा, पाकिटावर हिरवा ठिपका तपासून.

हिशेबनीस:
तिथली एक बँक ही चाकं तारण ठेवून कारखान्यांना कर्ज देते, हे खरंय का?

रेज्जोकर:
खरंय. क्रेदितो एमिलियानो. चाकं बँकेच्या गोदामात मुरत राहतात, तिथेच पुसायची, पालटायची कामं होतात. सोनं नुसतं पडून राहतं, हे तारण पडल्या पडल्या महाग होतं. मात्र २०१२ च्या भूकंपात त्या भागातल्या गोदामांच्या मांडण्याच्या मांडण्या कोसळल्या होत्या आणि हजारो चाकं जमिनीवर आली होती.

कोथिंबीरवडी:
सगळ्यांचे आभार. आईला आत्ताच सांगितलं. ऐकून घेतलं, दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "रविवारी माझ्या पास्त्यावर काय किसलं होतंस?"