मदत हवी आहे: बेस गिटारच्या सामानासाठी रॅक केस आणि गिगबॅग (गिटारची पाठीवरची कापडी पिशवी), या वेळी टिकणारं काय घेऊ?

मंडळी,

चार वर्षं वापरलेल्या रॅक बॅगेने गेल्या महिन्यात मान टाकली आणि त्याच आठवड्यात गिगबॅगच्या तळाला भोक पडलं. दोन्ही एकदमच बदलायचं ठरवलंय, पण जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. आधी सामान सांगतो.

हेड, म्हणजे स्पीकरविना नुसता ॲम्प, २ यूचं आहे. पुढे ट्यूबवाला प्रीॲम्प, मागे जुन्या पद्धतीचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर. वजन १७ किलो, खोली ४० सेंमी. त्याच्यासोबत १ यूचा कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), १ यूचा ट्यूनर आणि वायरलेसचा रिसीव्हर. हे सगळं ४ यूच्या कापडी रॅक बॅगेत, म्हणजे आत लाकडी चौकट, बाहेर कापड आणि पुढे-मागे चेन. (रॅकची भाषा ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: पुढची पट्टी १९ इंच रुंद असते आणि एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची.)

बेस दोन आहेत. एक चार तारांचा, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), सपाट हेडस्टॉक (मानेचं खुंट्यांचं टोक). दुसरा पाच तारांचा, ३५ इंच स्केल, मागे कललेला हेडस्टॉक. जास्त काळजी या दुसऱ्याची वाटते.

महिन्यातून तीन-चार कार्यक्रम. बहुतेक वेळा माझ्याच गाडीत, कधी बँडच्या व्हॅनमध्ये. तिथे ड्रमचं सामान कोण कशावर ठेवेल याचा नेम नसतो. वर जिने. उचलणारा मीच.

झालं काय, तर तेव्हाच्या एका कार्यक्रमाला बॅगेची चेन उघडली आणि पाहतो तर हेड मागच्या बाजूने खाली झुकलेलं. पुढच्या पट्टीचा डावा कान (स्क्रू लागतो ती कड) वाकलेला, एक स्क्रू बॅगेच्या तळाशी पडलेला. ॲम्प वाजला, पण एक ट्यूब तेव्हापासून किणकिणते. लाकडी चौकट सैल पडली असणार असा माझा अंदाज. म्हणजे आता कठीण केस हवी. दोन प्रकार डोळ्यासमोर आहेत: एकसंध साच्यातली जाड प्लास्टिकची, किंवा प्लायवूडची ॲल्युमिनियमच्या कडा आणि गोल धातूचे कोपरे असलेली फ्लाइट केस. दुसरी दिसायला झकास, पण ४ यूची रिकामीच ११ किलो भरली. सामान घातल्यावर ती जिन्यावरून नेणं म्हणजे कंबरेशी वैर.

जाणकारांनी सांगावं: यांतलं कुठलं? आणि गिगबॅगमध्ये नक्की काय बघायचं?

प्रतिसाद १

क्लास डी (हलक्या स्विचिंग जातीचं) हेड घ्या. तीन किलोचं यंत्र गिगबॅगच्या खिशात जातं. रॅकही नको आणि केसही नको.

धागाकर्ता

हे उत्तर पहिलं येणार याची खात्री होती. हात जोडून सांगतो, आवाज या हेडचाच हवा आहे. पुढचे सल्ले १७ किलो गृहीत धरून द्यावेत.

प्रतिसाद २

केसकडे वळण्याआधी दोन प्रश्न. हेड मागच्या बाजूने कशावर टेकलेलं होतं? आणि स्क्रू कुठले होते?

धागाकर्ता

मागे कशावरच नाही. पुढच्या चार स्क्रूंवर होतं. दोन बॅगेसोबत आलेले, दोन हरवले म्हणून नंतर घरातल्या डब्यातले लावले. बसले होते, जरा ढिले वाटले इतकंच.

प्रतिसाद २

मग बॅगेला उगाच दोष देताय.

१७ किलोचं यंत्र, त्यात ट्रान्सफॉर्मर मागे, आणि सगळा भार पुढच्या दोन कानांवर. गाडी खड्ड्यातून गेली की हेडचं मागचं टोक खाली झोका घेतं आणि कान पहारीसारखे पिळले जातात. पुढचे कान हे यंत्र जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी असतात, जड यंत्र पेलण्यासाठी नव्हे. हेच हेड तुम्ही महागातल्या फ्लाइट केसमध्ये असंच लटकवलं तर कान तिथेही वाकतील. केस मात्र शाबूत राहील.

स्क्रूचं म्हणाल तर रॅकच्या रेलमध्ये (स्क्रू बसतात त्या उभ्या भोकांच्या पट्टीत) कुठे एम-६ मापाचे चालतात, कुठे १०-३२ मापाचे. एम-६ चा व्यास ६ मिमी, १०-३२ चा ४.८ मिमीच्या आसपास. एम-६ च्या भोकात १०-३२ 'बसतो', पण आटे पकडत नाहीत. तुमच्या डब्यातले स्क्रू बहुधा तसलेच. सगळे एकाच मापाचे घ्या, खाली नायलॉनचे वॉशर घाला. पट्टीवर ओरखडे पडत नाहीत आणि कंपनाने स्क्रूही लवकर सुटत नाही.

मागच्या आधारासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे रेल असलेली केस आणि हेडला मागचे ब्रॅकेट. हेडला मागे भोकं नसतील तर खालून रॅकचा शेल्फ घाला, पण त्यात एक यू जाऊ शकतो. ते जमत नसेल तर हेडच्या मागच्या कडेखाली नेमक्या उंचीचा लाकडी ठोकळा, वर दाट फोमचा तुकडा चिकटवून. गरीब उपाय आहे, पण मी कित्येक वर्षं त्यावर काढली आहेत. आणि जड यंत्र कायम सगळ्यात खाली.

ट्यूबवर बोटाने हलकेच टिचकी मारून बघा. स्पीकरमधून घंटीसारखा आवाज आला तर ती बदला.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत. केसच्या निवडीबद्दल थोडं.

प्रश्न एवढाच की तुमच्याशिवाय कोण उचलणार आहे. ट्रकमध्ये थर रचले जाणार असतील, अनोळखी माणसं ढकलणार असतील, तर प्लायवूडची फ्लाइट केस. तिचा कोपरा चेपला तर कोपरा बदलता येतो, लॅच (झाकणाची कडी) तुटला तर रिव्हेट काढून नवा बसतो. साच्यातल्या केसचं अंग तडकलं की विषय संपला. त्या जातीतल्या पॉलिइथिलिनच्या केस मात्र सहसा तडकत नाहीत, दबून परत वर येतात, आणि वजनाला हलक्या. कडक एबीएस प्लास्टिकच्या पातळ केस वेगळ्या, त्यांची गल्लत करू नका. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला पॉलिइथिलिनची पुरेल. फक्त लॅच खोबणीत आत बसलेले हवेत. बाहेर आलेले लॅच दाराच्या चौकटीला अडकून तुटतात.

जाहिरातीत 'एटीए ३००' दिसलं की लोक भुलतात. विमान कंपन्यांच्या संघटनेने घातलेलं ते प्रमाण. त्यातल्या पहिल्या वर्गाच्या केसने किमान १०० फेऱ्या सोसाव्यात अशी अपेक्षा आहे. पण हा शब्द बाजारात सैलपणे वापरला जातो, तेव्हा वर्ग कुठला ते विचारा. तुम्ही विमानाने जातच नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हा मुद्दा दुय्यम.

रबरावर तरंगणाऱ्या आतल्या चौकटीची शॉक-रॅक केस कोणी सुचवली तर सावध. ती रबरं ठरावीक वजनासाठी असतात. ३० किलोसाठी बनलेल्या रबरावर १७ किलो ठेवलं तर ती दबतच नाहीत, धक्का जसाच्या तसा आत जातो. शिवाय बाहेरचं माप फुगतं ते वेगळंच.

आणि खोली! रॅक घेताना सगळे यू मोजतात आणि खोली विसरतात. तुमचं हेड ४० सेंमी. मागे लागलेले प्लग धरून आणखी ८-१० सेंमी द्या, नाहीतर झाकण लावताना प्रत्येक वेळी वायरी काढाव्या लागतील. १४ इंची उथळ केस तुमच्या कामाचीच नाही.

प्रतिसाद ४

मी फक्त गिगबॅगचं सांगते, रॅकमधलं मला ओ की ठो कळत नाही.

भोक पट्ट्याच्या बटणाच्या जागी पडलंय ना? बेस उभा ठेवला की सगळं वजन त्या इवल्याशा बटणावर येतं आणि ते आतून कापड कुरतडतं. तळाला जाड रबर आणि आत बटणासाठी खाच असलेली बॅग घ्या. तोवर आतून चामड्याचा तुकडा चिकटवा.

१६८० डेनियर वगैरे आकडे वाचून हुरळू नका. ९,००० मीटर सूत किती ग्रॅम भरतं तो डेनियर. म्हणजे तो सुताचा आकडा आहे, शिवणीचा नाही, पॅडिंगचाही नाही. बॅग फाटते ती खांद्याच्या पट्ट्याच्या शिवणीपाशी. तिथे दुहेरी शिवण आणि आत पट्टी आहे का ते बोटाने चाचपून बघा. चेन जाड दातांची.

पाच तारांच्या बेससाठी मानेखाली आधाराचा ठोकळा हवाच. कललेला हेडस्टॉक पाठीवर आडवा पडला की आधी टोक जमिनीला लागतं आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक, तिथे तडा जातो. मान ठोकळ्यावर टेकलेली आणि हेडस्टॉक हवेत, अशी बॅग शोधा. ३५ इंच स्केलला बॅगेची आतली लांबी मोजूनच घ्या, टोक वरच्या शिवणीला टेकता कामा नये. व्हॅनमध्ये ड्रमखाली जाणार असेल तर पाच तारांसाठी सरळ हार्डकेस.

एक राहिलं. बेसवर नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असेल तर तो रबरावर किंवा भलत्याच फोमवर महिनोन् महिने ठेवू नका, डाग पडतात. सुती कापड मध्ये घाला. आणि जुना पॉलियुरेथेन फोम भुकटी होऊन तारांत शिरतो, हे स्वानुभवाने सांगते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, आणि जुन्या बॅगेची जाहीर माफी. काल तिच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही सारखे, चौकट जागची हललेलीच नाही. डब्यातले स्क्रू १०-३२ निघाले, रेल एम-६ ची. टिचकी मारली, ट्यूब घंटीसारखी वाजली. नवी आणली.

आता असं ठरवलंय. हेड एकट्यासाठी ३ यूची पॉलिइथिलिनची केस, पुढे-मागे रेल, खोल मापाची. वरचा एक यू हवेसाठी मोकळा. हेडचा पंखा बाजूच्या जाळीतून गरम हवा फेकतो आणि रॅकच्या आत दोन्ही बाजूंना जेमतेम सेंटीमीटरभर फट उरते, म्हणून वाजवताना मागचं झाकणही काढणार. बाकीचा हलका पसारा जुन्या बॅगेतच राहील. म्हणजे जिन्याच्या दोन फेऱ्या, पण कुठलीच जीवघेणी नाही. पाच तारांच्या बेसला हार्डकेस, चार तारांच्याला ठोकळावाली गिगबॅग.

एकच शंका उरली. माझ्या हेडचे नॉब बरेच बाहेर आलेले आहेत. पुढचं झाकण लावल्यावर ते आतून दाबले जाणार नाहीत हे घेण्याआधी कसं कळणार?

प्रतिसाद २

हेड सोबत घेऊन जा आणि केसमध्ये बसवून बघा. नॉबच्या टोकांना खडू लावा, झाकण लावून सगळे लॅच बंद करा, केस एकदा पुढे कलती करा, मग उघडा. झाकणावर पांढरे ठिपके दिसले तर ती केस तिथेच ठेवून या. रेल आत सरकवता येणारी केस मिळाली तर दोन सेंटीमीटर आत घेऊन पुन्हा हेच करा.

धागाकर्ता

शनिवारी खडू घेऊन जातोय. ठिपक्यांचा अहवाल इथेच देईन.