बी विंग ग्रुप : ओल्या कचऱ्यातील ॲव्होकाडो

बी-३०२, काकू : सर्वांना नमस्कार. आज सकाळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात पाच अखंड ॲव्होकाडो दिसले आणि मन फार खट्टू झाले. परवा पहाटे वाशीच्या एपीएमसी फळबाजारात जाऊन, खोकी नेरूळपर्यंत रिक्षाने आणून मी ती घरोघरी पोहोचवली होती. कोणी टाकली हे विचारत नाही, पण का टाकली ते कळावे.

बी-५०४ : काकू, आम्हीच टाकली. एक फळ कापले तर सुरी आत अडकून बसली आणि चव कडवट-तुरट लागली, म्हणून उरलेली ठेवण्यात अर्थ वाटला नाही. आंब्याच्या पेटीच्या वेळीही कच्चाच माल आला होता आणि पैसे परत करण्याचा विषय तेव्हाही मागे पडला, हे नमूद करतो.

बी-३०२, काकू : आंब्याचा हिशेब मी त्याच आठवड्यात पाठवला होता, तो कृपया शोधून पाहावा. ॲव्होकाडो झाडावर असेपर्यंत मऊ होत नाही, तोडल्यानंतरच पिकू लागतो, म्हणून बाजारातून तो कडकच येतो. केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवल्यास केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे तो लवकर पिकतो. देठाजवळ हलकेच दाबून पाहावे, किंचित दबला तरच कापावा. आपली फळे हास जातीची आहेत, त्यामुळे हिरवी साल काळपट जांभळी होते, ती नासल्याची खूण समजू नये.

बी-१०१, आजोबा : मी बंगळूरला नोकरीस असताना याला सगळे बटर फ्रूट म्हणत आणि दूध-साखर घालून घुसळून पीत. माझ्या मते या फळाला तोच न्याय आहे. मीठ-मिरची लावून त्याची चटणी करणे मला पटत नाही.

बी-४०१, वहिनी : आजोबा, आपला मान राखून सांगते, हे फळ ज्या मेक्सिकोकडचे, तिथे ते तिखट-मिठाचेच खातात आणि ग्वाकामोले हे तिथल्या ॲव्होकाडोच्या चटणीचे नावच मुळी तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आले आहे. मी गर काट्याने जाडसर कुस्करते, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि भरपूर लिंबू घालते, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी पूर्ण गार करून ओतते. ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याच्या जागी हे वाढले, तेव्हा सासूबाईंनी दुसरी भाकरी मागून घेतली.

बी-१०१, आजोबा : सूनबाई, ब्राझील आणि फिलिपिन्समध्येही ते दूध-साखरेबरोबर खातात, तेव्हा मी एकटा नाही.

बी-६०२ : आम्ही कांद्यावर परतून त्याची भाजी केली, ती पूर्ण कडू झाली. हेसुद्धा फळ कच्चे असल्यामुळेच का?

बी-४०१, वहिनी : नाही, जास्त वेळ आचेवर राहिले की पिकलेले फळही कडवट होते. आमटी-भाजीत घालायचेच असेल तर गॅस बंद केल्यावर वरून घालावे. पराठ्याच्या कणकेत मात्र मोहनाऐवजी कुस्करलेला गर मी घालते आणि पराठे मऊ राहतात.

बी-३०२, काकू : पुन्हा सांगते, देठाजवळ दाबून पाहिल्याशिवाय कापू नये.

बी-२०३ : कापलेले फळ काळे पडू नये म्हणून पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावे, असा व्हिडिओ मला आला आहे. पाठवू का?

बी-७०१, डॉक्टर वहिनी : कृपया पाठवू नये. सालीवरील साल्मोनेला किंवा लिस्टेरिया हे जंतू पाण्यात वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये या युक्तीविरुद्ध इशारा दिला होता. साल आधी धुवावी, कापलेल्या भागाला लिंबू चोळावे आणि हवा लागणार नाही असे झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे. १०० ग्रॅम गरात सुमारे १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश आणि ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. स्निग्धांश चांगल्या प्रतीचा असला तरी शेकचा मोठा पेला हे हलके पेय नव्हे, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे.

बी-१०१, आजोबा : मी लहान पेलाच घेतो.

सचिव : सर्वांना विनंती आहे की आंब्याच्या पेटीचा विषय येथे पुन्हा काढू नये.

बी-५०४ : तो विषय मी मागे घेतो. मात्र फळे पिकायला किती दिवस लागतात, हे खोके देतानाच चिठ्ठीवर लिहून दिले असते तर पाच फळे वाया गेली नसती, एवढे म्हणण्याचा हक्क मला असावा.

बी-३०२, काकू : हे आपले म्हणणे योग्य आहे. पुढच्या वेळी प्रत्येक खोक्यात चिठ्ठी असेल.

बी-४०१, वहिनी : आमची दोन फळे आजच मऊ झाली आहेत. ५०४, संध्याकाळी एक घेऊन जावे, भाकरीही करून ठेवते.

बी-५०४ : मनापासून आभार. आईला ते दूध-साखरेतच हवे आहे, तेव्हा अर्धे तिचे आणि अर्धे मिरचीचे करू.

बी-३०२, काकू : कापण्यापूर्वी देठाजवळ दाबून पाहावे.