थंडीच्या कवितेतले 'मोती' आईला पटेनात. ओळ बदलू की ठेवू?

शिवारवाट
मंडळी, मी बेळगावातल्या वडगावचा. येळ्ळूर रस्त्याला आमची काळी जमीन आहे. भात कापलं की राहिलेल्या ओलीवरच मसूर पेरायची, वरचं पाणी अजिबात नाही. परवा पहाटे बांधावर उभा राहून या ओळी लिहिल्या:

धुक्यात बुडली पहाट, विरली येळ्ळूरची वाट,
राजहंसगड तेवढा वरती, खाली धवळी लाट;
मसुरीच्या निळसर फुलांवर मोत्यांची आरास,
थंडीच्या या ओल्या हाताला काळ्या मातीचा वास.

आईने चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाली, "मोती म्हणे! त्या मोत्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. आणि मसूर उपटायची तर दवातच. ऊन चढलं की शेंगा तडकतात, दाणे रानातच सांडतात." तेव्हापासून ती तिसरी ओळ माझ्या गळ्यात अडकली आहे. जिने आयुष्यभर त्या दवात बोटं बधिर करून घेतली, तिच्यासमोर मी मोती म्हणू का?

निपाणीचा वाचक
काढा ती ओळ. मोती सगळ्यांच्याच कवितेत असतात, भिजलेलं लुगडं तुमच्या एकट्याच्या घरातलं आहे. आमच्याकडे वाळलेला तंबाखूही दव असतानाच गोळा करतात. पान कोरडं असलं तर हातात चुरा होतो.

अथणीची सून
मला हरभऱ्याची आंब आठवली. सासूबाई रात्री धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावर पसरून यायच्या आणि उजाडायच्या आत ते पितळी पातेल्यात पिळायच्या. पिवळसर, जिभेला झिणझिण्या आणणारं आंबट पाणी. बाटलीत भरून ठेवायच्या, पोटात दुखलं की पाण्यातून चमचाभर. हरभऱ्याच्या पानांवरचा आंबटपणा दवात उतरतो ना, म्हणून. त्या रानातून अनवाणी गेलं की पायाच्या भेगा अशा चुरचुरायच्या की विचारू नका. दव म्हटलं की मला अजून ती चव येते. तुमच्या कवितेत दव नुसतं दिसतंय. ते अंगाला लागू दे.

मलप्रभेकाठची
मी खानापूरची. आमच्याकडे थंडीत नऊ वाजले तरी नदीवरचं धुकं हलत नाही. वरच्या दोघांचं खरं, पण मला एक खटकतंय. कष्ट करणाऱ्या बाईला दव सुंदर दिसलंच नसेल, हे तुम्हीच कसं ठरवलंत? आईलाच विचारा की.

शिवारवाट
मलप्रभेकाठची ताई, विचारलं. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बघायचे की. मसुरीवर कोळ्यांची जाळी असायची. एरवी दिसायची नाहीत, दव पडलं की पांढरी व्हायची, चाळणीएवढी. हात लावला की गेली. म्हणून मी तुझ्या बाबांना म्हणायचे, जाळीची ती ओळ शेवटाला उपटूया."

हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. अथणीच्या ताई, लुगडंही घेतलं आहे. शेवटच्या दोन ओळी आता अशा:

लुगडं भिजलं गुडघ्यापावत, दाणा झडण्याचा त्रास,
तरी कोळ्याचं ओलं जाळं, ती ओळ शेवटास.

'गुडघ्यापावत' आईचाच शब्द आहे, तो बदलणार नाही.