पिल्लं मागाहून येतात

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबद्दल 'पिल्लं आईबापांच्या मागे उडत वाट शिकतात' असं म्हटलं जातं, पण ते तुतवार-टिलव्यांना, म्हणजे पाणथळीत चिखलाकाठी चरणाऱ्या पक्ष्यांना, लागू पडत नाही. त्यांच्यात मोठे पक्षी आधी निघतात, बऱ्याच जातींत माद्या सगळ्यांत आधी, आणि पिल्लं काही आठवड्यांनी, आपापली. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांच्या एका गॉडविटने (याच गटातला लांब चोचीचा पक्षी) अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता कापलं!

ऑगस्टअखेरीस तुतवार-टिलव्यांचा थवा दिसला की पिसं बघा. फिकट कडांची, खवल्यांसारखी नीट रचलेली असली तर यंदाचं पिल्लू. मोठ्यांची झिजलेली असतात. तारेवरच्या माळभिंगऱ्यांत मात्र शेपटी बघायची, पिल्लांची आखूड असते. मी दोन वर्षं त्यांना वेगळीच जात समजत होतो, वहीत तशी नोंदही आहे.